प्रीफेचमधला ‘कचरा’

दोन हजारच्या दशकात ज्याच्या घरी कॉम्प्युटर होता, त्याच्या घरी कधी ना कधी ‘कॉम्प्युटरवाला’ येऊन गेलेला आहे. पीसी स्लो झाला की त्याला फोन जायचा. तो यायचा, चहाला आधी नको म्हणायचा आणि मग घ्यायचा, आणि स्टार्ट मेन्यूतलं ‘रन’ उघडून एकामागोमाग एक शब्द टाइप करायचा. टेंप. मग दोन टक्क्यांच्या चिन्हांमधलं टेंप. मग रीसेंट. मग प्रीफेच. प्रत्येक फोल्डर उघडलं की सगळं सिलेक्ट, शिफ्ट डिलीट, एंटर. शेवटी डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच-सात वेळा रिफ्रेश. “कचरा फार साठला होता काका,” असं म्हणून तो पैसे घेऊन जायचा. त्याचं बघून घरातली पोरंही हे शिकायची आणि मग दर रविवारी करायची.

यातल्या टेंपबद्दल त्याचं म्हणणं बरोबर होतं, तिथे खरंच उरलासुरला माल पडलेला असतो. रिफ्रेशने डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा एकदा काढले जातात, बाकी काही होत नाही. ते निरुपद्रवी कर्मकांड. प्रीफेचची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या फोल्डरचं काम एकच होतं, प्रोग्राम लवकर उघडावेत. मशीन हळू चालतंय म्हणून बोलावलेला माणूस मशीनने वेगासाठी लिहून ठेवलेली वहीच फाडून जायचा.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि नोकरीतला बराचसा वेळ एका मोबाइल अ‍ॅपच्या ‘स्टार्टअप टाइम’वर जातो. आयकॉनवर बोट टेकल्यापासून पहिली कामाची स्क्रीन दिसेपर्यंत किती मिलिसेकंद लागले, ते मोजायचं आणि कमी करायचं. इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय होता. त्यात पेज रिप्लेसमेंटचे तक्ते भरायला लावायचे, सात-आठ मार्कांना हमखास. पण त्या तक्त्यांचा आणि स्क्रीनवर फिरणाऱ्या वाळूच्या घड्याळाचा काही संबंध आहे, हे कुणी सांगितलं नाही. संबंध आहे, आणि तो साठेक वर्षं जुना आहे.

आधी एक साधी गोष्ट. प्रोग्राम ‘उघडतो’ म्हणजे काय होतं? आपल्याला एक आयकॉन दिसतो, म्हणून वाटतं की एक फाइल उघडली. प्रत्यक्षात एखादा मोठा प्रोग्राम सुरू होताना शेकडो फायलींचे तुकडे वाचले जातात. मुख्य प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, फाँट, सेटिंग, चित्रं. यातलं काहीही सलग वाचलं जात नाही. इथलं थोडं, मग तिथलं थोडं, मग पुन्हा इथलं.

आता जुन्या हार्ड डिस्कचं गणित मांडू. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चारेक मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ. म्हणजे कुठलाही विखुरलेला तुकडा आणायचा तर बारा-तेरा मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ऐंशी तुकडे. तेच सलग वाचायला दिलं तर तीच डिस्क सेकंदाला शंभर एमबीपर्यंत ओतू शकते. प्रोग्रामला समजा हजार विखुरलेले तुकडे लागले, तर नुसतं हेड इकडून तिकडे पळण्यात बारा सेकंद गेले. प्रोसेसर तोवर हात बांधून बसलेला. पीसीच्या डब्यातून जी ‘करकर’ ऐकू यायची, ती हीच पळापळ.

त्यामुळे वेग वाढवायचे मार्ग मोजकेच उरतात. तुकडे शेजारी-शेजारी ठेवा. एकदा आणलेलं लगेच फेकू नका. आणि सगळ्यात कठीण म्हणजे, मागायच्या आधी आणून ठेवा. नेहमीचं गिऱ्हाईक लांबून दिसलं की टपरीवाला न विचारता कटिंग भरायला घेतो, तसं. पण त्यासाठी गिऱ्हाईक ओळखीचं हवं.

हा प्रश्न हार्ड डिस्कच्या जन्मापासूनचा आहे. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, रॅमॅक यंत्राबरोबर. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरं मावतील एवढी जागा. हवी ती जागा गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद. तेव्हा लोक यावर खूश होते, कारण आधी टेप गुंडाळत बसावं लागे.

पुढची महत्त्वाची घडामोड इंग्लंडात, मँचेस्टर विद्यापीठात झाली. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला अ‍ॅटलस कॉम्प्युटर १९६२ मध्ये सुरू झाला. त्याची वेगवान मेमरी लहान होती आणि तिच्यामागे फिरणाऱ्या ड्रमवरची संथ मेमरी मोठी. किलबर्न यांनी प्रोग्राम लिहिणाऱ्याला सांगितलं, तू दोन्ही एकच समज, काय कुठे ठेवायचं ते यंत्र बघून घेईल. मेमरीचे ५१२ शब्दांचे समान तुकडे पाडले. त्यांना ते ‘पेज’ म्हणत आणि आपण आजही म्हणतो. हवं ते पान जवळ नसेल तर ड्रमवरून आणायचं. पण त्यासाठी जागा करायला कुठलं पान हाकलायचं? यासाठी अ‍ॅटलसमध्ये एक छोटा प्रोग्राम होता, ज्याला ते ‘लर्निंग प्रोग्राम’ म्हणत. कुठलं पान किती वेळ वापरलं गेलं, किती वेळ पडून राहिलं, याची तो नोंद ठेवायचा आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधायचा. ‘मशीन लर्निंग’ हे शब्द आज ज्या थाटात वापरतात, ते बघता मला या साध्या नोंदवहीचं फार कौतुक वाटतं.

चार वर्षांनी, १९६६ मध्ये, आयबीएममधल्या लास्लो बेलाडी यांनी दाखवलं की पान निवडण्याची सगळ्यात चांगली पद्धत कुठली. जे पान पुढे सगळ्यात उशिरा लागणार आहे, ते हाकला. अडचण एवढीच की त्यासाठी भविष्य माहीत असावं लागतं. आम्हाला परीक्षेत हीच पद्धत ‘ऑप्टिमल’ म्हणून असायची, आणि प्रश्नपत्रिकेत पुढच्या पानांची यादी छापलेली असल्याने ती सोपी वाटायची. प्रत्यक्षात यादी कुणी देत नाही. हातात असतो तो फक्त भूतकाळ. इथून पुढची सगळी कसरत ही भूतकाळावरून यादी बनवण्याची आहे.

आता युनिक्स. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून ही सिस्टीम घडवली आणि आज तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असो की आयफोन, त्याच वंशातला आहे. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी युनिक्समध्ये एक गंमत केली. एका मशीनवर अनेक जण काम करायचे आणि एडिटर किंवा कंपायलरसारखे प्रोग्राम दिवसभर उघड-बंद होत राहायचे. दर वेळी तो प्रोग्राम फाइल सिस्टीममधून तुकड्या-तुकड्याने वाचावा लागे. म्हणून फाइलच्या परवानग्यांमध्ये एक जादा खूण ठेवली, ‘स्टिकी बिट’. ही खूण असलेला प्रोग्राम बंद झाला तरी त्याचा कोड स्वॅपच्या जागेत तसाच राहू द्यायचा. स्वॅपची जागा डिस्कवरचीच, पण तिथे तो सलग लिहिलेला असे. त्यामुळे पुढच्या वेळी एका दमात उचलता येई.

चिकटून राहणारा, म्हणून स्टिकी. आणि ही खूण लावायचा अधिकार फक्त सुपरयुजरला. का? कारण स्वॅपची जागा मोजकी होती आणि प्रत्येकाने आपापला प्रोग्राम चिकटवून ठेवला असता तर सगळ्यांचीच पंचाईत झाली असती. म्हणजे कुठला प्रोग्राम लक्षात ठेवण्यालायक आहे, हे अजून माणूस ठरवत होता. पुढे मेमरी वाढली, कॅश सुधारली आणि स्टिकी बिटचं हे काम संपलं. पण खूण वाचली. ऐंशीच्या दशकात तिला फोल्डरसाठी वेगळं काम मिळालं, एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याने पुसू नये म्हणून. आजही कुठल्याही लिनक्स मशीनवर टेंप फोल्डरच्या परवानग्या बघितल्या तर शेवटी एक एकटं ‘टी’ दिसतं. गल्लीतल्या बंद पडलेल्या टॉकीजचं नाव बस स्टॉपला उरावं, तसं ते उरलं आहे.

युनिक्सची फाइल सिस्टीम मात्र तोवर रडत होती. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात मार्शल कर्क मॅकक्युझिक, बिल जॉय, सॅम्युएल लेफ्लर आणि रॉबर्ट फॅब्री यांनी तिची मोजमापं घेतली, तेव्हा धक्कादायक आकडे हाती आले. नव्याकोऱ्या फाइल सिस्टीमवर वाचनाचा वेग सेकंदाला १७५ किलोबाइट. काही आठवडे साधा वापर झाला की तोच ३० किलोबाइट. डिस्क तीच, प्रोग्राम तेच. फक्त फायली बनत-पुसत गेल्या तशा रिकाम्या जागा विस्कटत गेल्या आणि नव्या फायलींचे तुकडे तबकडीभर पांगले. “पीसी नवीन होता तेव्हा चांगला चालायचा” हे काकांचं गाऱ्हाणं बर्कलेच्या मंडळींनी आकड्यांत मांडून ठेवलं होतं.

त्यांनी उपाय दोन केले. तुकडा मोठा केला, आधीच्या ५१२ किंवा १,०२४ बाइटऐवजी किमान ४,०९६. आणि तबकडीचे विभाग पाडून एका फोल्डरमधल्या फायली एका विभागात ठेवायचा प्रयत्न केला, म्हणजे हेडला लांब पळावं लागू नये. १९८४ च्या त्यांच्या निबंधात जुन्या पद्धतीपेक्षा दहापटीपर्यंत वेग मिळाल्याचं दाखवलं आहे. या सिस्टीममध्ये डिस्कची दहा टक्के जागा मुद्दाम रिकामी ठेवत, कारण डिस्क गच्च भरली की शेजारची जागा मिळतच नाही. फोन भरला की तो सुस्तावतो, त्यातही फ्लॅश मेमरीच्या वेगळ्या कारणांनी का होईना, रिकामी जागा न उरणं हाच मुद्दा असतो.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातच अ‍ॅपलमध्ये पहिला मॅकिंटॉश तयार होत होता. अँडी हर्ट्झफेल्ड यांनी सांगितलेली आठवण आहे. १९८३ च्या ऑगस्टमध्ये स्टीव्ह जॉब्स डिस्क ड्रायव्हर आणि फाइल सिस्टीमवर काम करणाऱ्या लॅरी केनियन यांच्याकडे आले आणि मशीन सुरू व्हायला फार वेळ लागतो म्हणाले. केनियन यांनी कारणं सांगायला सुरुवात केली, पण जॉब्सनी गणित मांडलं. पन्नास लाख लोक हे मशीन वापरतील, प्रत्येकाचे रोज दहा सेकंद वाचले तर दिवसाला पाच कोटी सेकंद. वर्षाची बेरीज केली तर डझनभर आयुष्यं वाचतील.

मी इंजिनिअर असल्याने हा हिशोब करून पाहिला. वर्षाला १,८२५ कोटी सेकंद, म्हणजे ५७८ वर्षं. सत्तरीचं आयुष्य धरलं तर आठ माणसं. जॉब्सनी थोडी भर घातली होती, पण गणिताचा गाभा बरोबर आहे. केनियन यांनी पुढच्या काही महिन्यांत दहा सेकंदांहून जास्त वेळ कापला. मला या गोष्टीत आवडतो तो मुद्दा वेगळा. वाट बघण्याचा वेळ आपण एकेकट्याच्या खिशातून जातो म्हणून क्षुल्लक समजतो. तो एका ढिगात घातला की मग दिसतो.

विंडोजच्या जगात पहिला नीटस प्रयत्न विंडोज ९८ मध्ये दिसला. डिस्क डीफ्रॅगमेंट करताना एक पर्याय असायचा, प्रोग्राम लवकर सुरू व्हावेत अशा रीतीने त्यांच्या फायली मांडून घ्या. त्यासाठी विंडोज पाठीमागे कुठला प्रोग्राम सुरू होताना काय वाचतो याची नोंद ठेवत असे. बर्कलेने ‘एका फोल्डरमधल्या फायली एकत्र लागत असतील’ असा सर्वसाधारण अंदाज केला होता. इथे ‘या मशीनवर, या माणसाने हा प्रोग्राम उघडला तेव्हा खरोखर काय लागलं’ हे बघायला सुरुवात झाली.

आणि मग २००१ साली विंडोज एक्सपी, प्रीफेचसह.

त्याची रीत अशी. तुम्ही एखादा प्रोग्राम उघडलात की पहिली दहा सेकंद विंडोज बारकाईने बघत राहतं. कुठल्या फायलीतलं कुठलं पान मागितलं गेलं, याची यादी. ती यादी प्रीफेच फोल्डरमध्ये त्या प्रोग्रामच्या नावाने एका छोट्या फायलीत लिहून ठेवायची. पुढच्या वेळी तोच प्रोग्राम उघडला की आधी यादी वाचायची आणि त्यातलं सगळं एका फटक्यात, डिस्कला सोयीच्या क्रमाने मागवून घ्यायचं. प्रोग्राम एकेक पान मागायला लागतो तेव्हा ते आधीच मेमरीत हजर असतं. मशीन सुरू होतानाचीही अशीच एक यादी असते. वर, साधारण तीन दिवसांतून एकदा, मशीन मोकळं असताना या याद्या एकत्र करून डिस्कवरची मांडणीही त्या क्रमाने लावली जायची.

बेलाडींची भविष्याची यादी मिळत नाही ना, मग मागच्या वेळची यादी वापरा. माणूस सवयीचा असतो आणि प्रोग्राम तर त्याहून सवयीचा. वर्ड काल उघडताना जे वाचलं, त्यातलं बहुतेक आजही वाचणार. इतकं साधं आहे हे.

‘प्रीफेच डिलीट करा’ या सल्ल्यामागचा समज असा होता की त्या फोल्डरमधलं सगळं मशीन सुरू होतानाच मेमरीत भरलं जातं आणि म्हणून मशीन जड होतं. तसं होत नव्हतं. प्रोग्रामची यादी तो प्रोग्राम उघडला तरच वाचली जायची. याद्यांची संख्या एक्सपीमध्ये १२८ वर बांधलेली होती, जुन्या आपोआप गळून पडायच्या. एकेक फाइल काही किलोबाइटची. सगळा ‘कचरा’ मिळून दोन-चार गाण्यांएवढाही भरत नसे. आणि तो पुसला की पुढच्या वेळी प्रत्येक प्रोग्राम पहिल्यापासून करकर करत उघडायचा. मग हळूहळू याद्या पुन्हा बनायच्या, मशीन सावरायचं आणि सावरलेलं बघून लोकांना वाटायचं, बघा, साफ केल्याचा फायदा झाला.

या फोल्डरची खरी किंमत कळली ती वेगळ्याच मंडळींना. सायबर गुन्ह्यांच्या तपासात प्रीफेचच्या फायली आवर्जून बघतात. कुठला प्रोग्राम या मशीनवर चालला होता, किती वेळा, शेवटचा कधी, हे त्यात नोंदलेलं असतं. मूळ प्रोग्राम काढून टाकला तरी त्याची यादी मागे राहू शकते. पुरावे पुसायला जो प्रोग्राम वापरला, त्याचीही.

२००७ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टा आणलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. सुपरफेच. एक्सपी तुम्ही आयकॉनवर क्लिक करेपर्यंत थांबायचं. सुपरफेच थांबत नसे. दिवसाच्या कुठल्या वेळी, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी की सुट्टीला, तुम्ही काय उघडता हे ते बघायचं आणि रिकामी रॅम त्या गोष्टींनी आधीच भरून ठेवायचं. टपरीवाला आता गिऱ्हाईक दिसण्याचीही वाट बघत नव्हता. सव्वापाच झाले की चहा भरून तयार.

कल्पना चांगली होती, पण लोक भडकले. टास्क मॅनेजर उघडावा तर ‘फ्री’ मेमरीच्या समोर अगदी थोडे एमबी. काहीही उघडलेलं नसताना डिस्कचा दिवा लुकलुकतोय. व्हिस्टा रॅम खातं, अशी बोंब झाली. खरं तर ती रॅम कुणाला हवी झाली की लगेच सुटणारी होती, कारण तिच्यातली पानं डिस्कवर होतीच. रिकामी ठेवलेली रॅम कुणाच्याच कामाची नसते, हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवतात. पण मी लोकांच्या बाजूने थोडं बोलेन. तेव्हा अनेकांच्या मशीनमध्ये ५१२ एमबी किंवा एक जीबी रॅम होती, व्हिस्टा मुळातच जड होतं आणि सुपरफेच डिस्क वाचत असताना तुम्ही दुसरंच काही उघडलंत तर दोघं त्याच एका हेडसाठी भांडायचे. आडाखा चुकला की त्याचा भुर्दंड तुम्हाला. श्रीमंत मशीनवर जी कल्पना शहाणी वाटते, ती गरीब मशीनवर त्रास देते. हे पुढे फोनमध्ये पुन्हा दिसणार होतं. सुपरफेच नंतर बरंच सौम्य झालं आणि विंडोज १० मध्ये तर त्याचं नाव बदलून ‘सिसमेन’ असं निरस झालं.

लिनक्सवाल्यांनाही हेच ऐकावं लागत होतं. वाचलेल्या फायली लिनक्स पहिल्यापासून उरलेल्या रॅममध्ये धरून ठेवतं, आणि नवखा माणूस ‘फ्री’चा आकडा बघून घाबरतो. शेवटी २०१४ मध्ये कर्नेलने ‘अव्हेलेबल’ असा वेगळा आकडाच द्यायला सुरुवात केली. रिकामी किती आहे ते सोडा, मागितली तर किती मिळेल ते बघा.

दरम्यान एसएसडी आली आणि वाटलं की आता प्रश्नच मिटला. हेड नाही, तबकडी नाही, विखुरलेला तुकडाही मिलिसेकंदाच्या अंशात हजर. विंडोज ७ वेगवान एसएसडी दिसली की सुपरफेच स्वतःहून बंद करायचं. लिनक्सच्या सिस्टमडी प्रकल्पानेही, मशीन सुरू होताना आधीच फायली वाचून ठेवणारा भाग २०१४ मध्ये काढून टाकला. पन्नास वर्षांची विद्या अडगळीत जायच्या बेतात होती.

ती वाचली फोनमुळे.

अँड्रॉइडने सुरुवातीपासूनच एक युक्ती ठेवली होती. फोन सुरू होताना ‘झायगोट’ नावाची एक प्रक्रिया सुरू होते. सगळ्या अ‍ॅप्सना लागणारा सामाईक कोड ती एकदाच वाचून ठेवते आणि प्रत्येक नवं अ‍ॅप तिच्यातून फुटून निघतं. मराठी माध्यमवाल्यांना दहावीच्या विज्ञानातला ‘युग्मनज’ आठवत असेल, तोच हा शब्द. पण सामाईक भाग सोडून अ‍ॅपचं स्वतःचं सामान उरतंच, आणि ते वर्षागणिक फुगत गेलं. स्वस्त फोनमधली ईएमएमसी मेमरी ही लॅपटॉपच्या एसएसडीच्या मानाने फार संथ. त्यातही विखुरलेले छोटे तुकडे वाचणं सलग वाचनापेक्षा कितीतरी हळू. शिवाय रॅम दोन-तीन जीबी. म्हणजे एक मोठं अ‍ॅप उघडलं की आधीच्या अ‍ॅपची वाचून ठेवलेली पानं बाहेर. महागड्या फोनवर सकाळी उघडलेलं अ‍ॅप संध्याकाळी मेमरीतच सापडतं. स्वस्त फोनवर दर वेळची सुरुवात जवळजवळ पहिल्यासारखी असते. ज्याचा फोन हळू, त्यालाच जास्त वेळा ‘कोल्ड स्टार्ट’.

त्यात भर म्हणून आले ‘रॅम बूस्टर’. रॉकेटचं चित्र, एक बटण, आणि ‘एवढे एमबी मोकळे झाले’ असा आनंदाचा संदेश. मोकळं काय झालं? बहुतेकदा तीच पानं आणि तीच झोपलेली अ‍ॅप्स, जी पुढच्या मिनिटाला पुन्हा वाचावी लागणार होती. कॉम्प्युटरवाला आता माणूस राहिला नव्हता, स्वतःच एक अ‍ॅप झाला होता.

फेसबुकने २०१५ मध्ये रेडेक्स नावाचं साधन जाहीर केलं. अँड्रॉइड अ‍ॅपच्या आतले क्लास, सुरू होताना ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने फायलीत मांडायचे, म्हणजे वाचन सलग होईल. विंडोज ९८ चा डीफ्रॅगमेंटर आठवा. २०२० मध्ये अँड्रॉइड ११ बरोबर गुगलने आयओरॅप आणलं. अ‍ॅप सुरू होताना कुठली पानं वाचली जातात त्याची नोंद ठेवायची आणि पुढच्या वेळी ती आधीच मागवायची. सरासरी पाच टक्क्यांहून जास्त वेळ वाचला, असं गुगलचं म्हणणं. मी ते वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो. एक्सपीचं प्रीफेच, एकोणीस वर्षांनी, खिशात मावणाऱ्या मशीनवर. सगळीकडे तीच साठीतली कल्पना, फक्त हार्डवेअर पुरेसं हळू असलं की ती पुन्हा उगवते.

गुगलच्या मोजमापात कोल्ड स्टार्टला पाच सेकंद किंवा जास्त लागले तर ते ‘अति’ धरतात. आम्ही डेव्हलपर ज्या फोनवर काम करतो, त्यावर पाच सेकंद बघायलाच मिळत नाहीत. म्हणून मी टेबलावर एक दोन जीबीचा जुना फोन ठेवला आहे. त्यावर मोजायच्या आधी कॅश मुद्दाम रिकामी करतो, म्हणजे कॉम्प्युटरवाला जे नकळत करायचा ते मी पगार घेऊन करतो. त्या फोनवर वेळ कुठे जातो हे उलगडून पाहिलं की प्रोसेसरपेक्षा जास्त दोष पुष्कळदा वाचनाचा निघतो. सुरुवातीलाच उघडलेला एखादा डेटाबेस, कुणीतरी सहज जोडलेली लायब्ररी, पहिल्या स्क्रीनवर दिसतही नाही असा फाँट. मीटिंगमध्ये हे काढा म्हटलं की उत्तर येतं, “पण माझ्या फोनवर तर फास्ट उघडतंय.” अशा वेळी मी जॉब्सचं गणित मांडतो, आयुष्यांचा आकडा जरा खाली आणून.

या सगळ्या युक्त्यांना एक जागा मात्र कधीच गाठता आली नव्हती, ती म्हणजे पहिलं उघडणं. अ‍ॅप आत्ताच इन्स्टॉल केलंय, मागची वेळच नाही, तर यादी कुठून आणणार? लोलिपॉपपासून, म्हणजे २०१४ पासून, अँड्रॉइडने यावर दांडगाई केली. सगळं अ‍ॅप इन्स्टॉल करतानाच भाषांतरित करून ठेवायचं. सिस्टीम अपडेट झाली की ‘अमुकपैकी तमुक अ‍ॅप ऑप्टिमाइझ होत आहे’ अशी स्क्रीन तासभर चालायची ती यामुळे. २०१६ च्या नोगटपासून ते सोडून, तुम्ही जो भाग खरोखर वापरता तेवढाच नोंदवून तयार करायची पद्धत आली. तरी पहिली वेळ कोरडीच.

२०१९ मध्ये गुगलने त्यावर तोड काढली. एखाद्या अ‍ॅपची नवी आवृत्ती आधी थोड्या लोकांना मिळते. त्यांच्या फोनवर सुरुवातीला कुठला कोड चालला, त्याच्या नोंदी प्ले स्टोअर गोळा करतं, एकत्र करतं आणि नंतर इन्स्टॉल करणाऱ्यांना अ‍ॅपबरोबरच पाठवतं. पुढे डेव्हलपरने स्वतः बनवलेली यादीही सोबत देता येऊ लागली. त्यामुळे आज तुम्ही एखादं अ‍ॅप आयुष्यात पहिल्यांदा उघडता, तेव्हा तुमचा फोन त्याची तयारी करतो ती दुसऱ्या कुणाच्या तरी कालच्या वापरावरून. आमच्या अ‍ॅपची यादी मी दर रिलीजला नव्याने बनवतो, आणि ती त्या दोन जीबीच्या फोनवर लावून बघितल्याशिवाय पुढे पाठवत नाही.